भेटीचा कॅमेरा : खिसा, पल्ला आणि उजेड

पत्नीच्या वाढदिवसाला पर्समध्ये मावेल असा एखादा छोटा डिजिटल कॅमेरा भेट द्यावा, या हेतूने आसनगावचा एखादा नोकरदार गृहस्थ रजेच्या दिवशी लोकलने मुंबईस उतरतो आणि फोर्टमधील बोराबाजारात कॅमेऱ्यांच्या दुकानासमोर उभा राहतो, तेव्हा त्याला प्रथम गोंधळात टाकतात ते पेट्यांवरील आकडे. त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर पन्नास मेगापिक्सेल अशी नोंद असते, काही फोनांवर ती दोनशेपर्यंत गेलेली असते. उलटपक्षी, ज्या कॅमेऱ्याची किंमत लाखाच्या घरात जाते आणि ज्याची दुकानदार मनापासून शिफारस करतो, त्याच्या पेटीवर अवघे वीस मेगापिक्सेल लिहिलेले असतात. तेवढ्यात ऑनलाइन बाजारात पाहिलेला, पाच-सहा हजारांत चौसष्ट मेगापिक्सेलची ग्वाही देणारा एक कॅमेराही त्याला आठवतो. आकडा मोठा ती वस्तू सरस, हा बाजाराचा सर्वसाधारण न्याय येथे लागू पडत नाही, एवढे त्याच्या ध्यानात येते. पण तो का लागू पडत नाही, याचा खुलासा दुकानातील गर्दीत कोणी करीत नाही.

तो खुलासा होणे मला अगत्याचे वाटते, कारण मोठी रक्कम मोजून आणलेला कॅमेरा दोन महिन्यांत कपाटात जाऊन पडतो, तेव्हा दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसतो, निवडीचा असतो. छोटा कॅमेरा ही मुळात एक तडजोड आहे. खिशात मावणे, दूरचे जवळ आणणे आणि मंद उजेडातही स्वच्छ चित्र देणे, असे तीन गुण त्याच्याकडून अपेक्षिले जातात, आणि प्रकाशाचे नियम असे आहेत की त्यांपैकी दोन पुरेपूर घ्यावेत तर तिसऱ्यावर पाणी सोडावे लागते. कोणत्या गुणावर पाणी सोडायचे, हे दुकानदार सांगू शकत नाही. ज्या व्यक्तीच्या हाती कॅमेरा जायचा तिची नजर कोठे रमते, यावरूनच ते ठरते.

अंगणातली वाटी आणि परात

कॅमेऱ्याच्या भिंगामागे एक लहानसा चौकोनी पट असतो. त्याला सेन्सर म्हणतात. पूर्वी फिल्मची जी जागा होती ती आता त्याची. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी नावाच्या साधनाची कल्पना मांडली, ज्याबद्दल त्यांना पुढे २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आणि १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने तसाच पट वापरून पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याच्या काळ्यापांढऱ्या चित्रात अवघे दहा हजार बिंदू असत आणि ते कॅसेटच्या फितीवर उतरवून घेण्यास तेवीस सेकंद लागत. आजच्या सेन्सरची घडण निराळी असली तरी मूळ व्यवहार तोच आहे : प्रकाश सुट्या कणांच्या रूपाने येतो, पटावरील प्रत्येक सूक्ष्म घरात पडलेल्या कणांमुळे तेथे विद्युत्भार साठतो, आणि शटर मिटल्यावर प्रत्येक घरातील साठ्याचे मोजमाप होऊन तो आकड्यांत लिहिला जातो. अशी दहा लाख घरे म्हणजे एक मेगापिक्सेल.

आता ज्येष्ठाच्या अखेरीस आसनगावजवळच्या माहुलीच्या डोंगरावरून पावसाची सर उतरत असताना अंगणात एक वाटी आणि एक परात शेजारी शेजारी ठेवली आहे, असे समजा. सर एकच, वेळही एकच. तरी परातीत पाणी अधिक साठते, कारण तिचे तोंड मोठे. मुसळधार पावसात वाटीही भरते आणि दोहोंतला भेद फारसा जाणवत नाही. परंतु पाऊस भुरभुर असेल, तर वाटीत चार थेंब पडले की सात, हा निव्वळ योगायोग ठरतो, आणि शेजारी ठेवलेल्या दोन सारख्या वाट्यांतही निरनिराळे थेंब सापडतात. भर दुपारचे ऊन हा मुसळधार पाऊस. कौलारू शाळेच्या एकाच खिडकीच्या खोलीतला उजेड, किंवा दिवेलागणीला ओटीवर उरलेला उजेड, हा भुरभुर पाऊस.

हा योगायोग नेमका किती, हे गणिताने सांगता येते. एखाद्या घरात सरासरीने शंभर प्रकाशकण पडावयाचे असतील, तर प्रत्यक्षात दहाएक कमी-अधिक पडतात, म्हणजे फरक दहा टक्क्यांचा. तेच दहा हजार पडावयाचे असतील, तर फरक शंभराचा, म्हणजे केवळ एक टक्क्याचा. ज्या भिंतीवर एकसारखा पिवळा चुना आहे, तिच्या मंद उजेडातील छायाचित्रात लालहिरव्या कणांची रवाळ झिलई दिसते ती याच फरकामुळे. छायाचित्रकार तिला नॉइज म्हणतात. कॅमेऱ्यातील संवेदनशीलतेचा, म्हणजे आयएसओचा, आकडा वाढवला म्हणजे चित्र उजळते खरे, पण नवा प्रकाश त्यातून येत नाही. जमा झालेल्या थोडक्या प्रकाशाला मोठ्या आकड्याने गुणले जाते आणि त्याबरोबर चूकही गुणली जाते. मेगापिक्सेलचे रहस्यही येथेच उलगडते. परातीत चौसष्ट खण पाडले काय आणि वीस पाडले काय, आभाळातून पडणारे पाणी तेवढेच राहते. विचारायचे ते परातीचे माप, आणि पेटीच्या दर्शनी भागावर ते क्वचितच छापलेले असते.

चौकट : सेन्सरची मापे
> स्वस्त आणि लांब झूमच्या बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत ‘१/२.३ इंच’ मापाचा सेन्सर असतो. तो सुमारे ६.२ × ४.६ मिलिमीटर, म्हणजे अंदाजे २८ चौरस मिलिमीटर भरतो. ‘एक इंची’ सेन्सर १३.२ × ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर. हे माप जुन्या टेलिव्हिजन कॅमेऱ्यांतील नळीच्या बाहेरील व्यासावरून रूढ झाले असल्याने त्या सेन्सरचा कर्ण प्रत्यक्षात एक इंच नसून सुमारे १६ मिलिमीटर असतो. ‘एपीएस–सी’ सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटर, म्हणजे ३६७ चौरस मिलिमीटर. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मवरील चित्र ३६ × २४ मिलिमीटरचे, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. आणि अनेक घरांतून अजून जपून ठेवलेला आगफा क्लिक–३ एका १२० फिल्मवर जी बारा चित्रे घेई, त्यांतील प्रत्येकाची बाजू सुमारे ५६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ तीन हजार चौरस मिलिमीटरांहून अधिक.

भिंगाचे तोंड

सेन्सरवर किती प्रकाश पोहोचतो हे भिंगाच्या उघड्या तोंडावरही अवलंबून असते. या तोंडाला अॅपर्चर म्हणतात आणि त्याचे माप ‘एफ १.८’, ‘एफ २.८’, ‘एफ ६.९’ असे भिंगाभोवतीच्या कड्यावर बारीक अक्षरांत कोरलेले असते. आकडा जितका लहान तितके तोंड मोठे, कारण हा आकडा भिंगाच्या नाभीय अंतराला तोंडाच्या व्यासाने भागून आलेला असतो. एफ २.८ पेक्षा एफ १.८ मधून सुमारे अडीचपट प्रकाश आत येतो. एक इंची सेन्सर आणि एफ १.८ चे भिंग असलेला कॅमेरा एका बाजूला, आणि १/२.३ इंची सेन्सरवर एफ ३.३ चे भिंग असलेला दुसऱ्या बाजूला ठेवून हिशेब केला, तर त्याच खोलीत, तेवढ्याच वेळात, पहिला दुसऱ्याच्या सुमारे चौदापट प्रकाश गोळा करतो. दोघांच्याही पेट्यांवर वीस मेगापिक्सेलच लिहिलेले असतात.

तोंड अरुंद असण्याचा आणखी एक परिणाम होतो. अरुंद छिद्रातून जाणारा प्रकाश कडांपाशी किंचित पसरतो, त्यामुळे दूरच्या एका टिंबाचे चित्र टिंब न राहता लहानशी वर्तुळाकार चकती होते. एफ ६.९ ला हिरव्या प्रकाशाची ही चकती सुमारे नऊ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे नऊ सहस्रांश भरते, आणि १/२.३ इंची सेन्सरवर वीस मेगापिक्सेल बसवायचे तर प्रत्येक घर फक्त सव्वा मायक्रॉनच्या आसपास उरते. एका टिंबाची खबर सात-आठ घरे रुंद पसरली, तर त्या घरांची संख्या वाढवून नवा तपशील हाती येणे शक्य नाही. पाच-सहा हजारांच्या कॅमेऱ्यातील चौसष्टचा आकडा तर बहुधा सेन्सरचाही नसतो. शेजारच्या दोन बिंदूंची सरासरी काढून मधे तिसरा बिंदू भरण्याचा तो कारभार असतो. ज्या वस्तूच्या जाहिरातीत मेगापिक्सेल ठळक, ‘१६ पट डिजिटल झूम’ ठळक, आणि सेन्सरच्या मापाचा उल्लेख कोठेच नाही, ती वस्तू भेट म्हणून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वजीर सुळका जवळ आणण्याची किंमत

आसनगावातून स्वच्छ हवेच्या दिवशी माहुलीची रांग दिसते. १६३६ साली शहाजीराजांनी ज्या दुर्गाच्या आश्रयाने शेवटची झुंज दिली, त्याच्या कड्यालगतचे वजीर, नवरा, नवरी आणि भटजी हे सुळके कॅमेऱ्यात भरून घ्यावेत असे कोणालाही वाटेल, आणि येथे झूमचा प्रश्न येतो. डिजिटल झूम म्हणजे टिपलेल्या चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करणे. ते काम घरी बसूनही होते. खरा झूम ऑप्टिकल, ज्यात भिंगे पुढेमागे सरकून दूरचा अरुंद पट्टाच संपूर्ण सेन्सरवर पसरतात.

२०१८ साली आलेल्या कॅनन पॉवरशॉट एसएक्स ७४० या कॅमेऱ्याचा झूम चाळीस पट आहे. जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या भाषेत नाभीय अंतर २४ ते ९६० मिलिमीटर. एवढा पल्ला सुमारे तीनशे ग्रॅमच्या, तळहातात राहणाऱ्या जिनसेत मावला कसा? सेन्सर लहान ठेवल्यामुळे. फिल्मच्या चित्रासाठी जे दृश्य मिळवायला ९६० मिलिमीटरचे भिंग लागेल, तेच १/२.३ इंची सेन्सरसाठी १७२ मिलिमीटरच्या भिंगाने मिळते, आणि एफ ६.९ ला त्याचे तोंड २५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम एक इंच पुरते. तोच पल्ला, त्याच एफ ६.९ ला, एक इंची सेन्सरवर हवा असेल, तर भिंग सुमारे साडेतीनशे मिलिमीटरचे आणि त्याचे तोंड दोन इंचांचे करावे लागेल. मग तो कॅमेरा पर्समध्ये राहणार नाही, त्याला खांद्यावरची पिशवी लागेल. म्हणूनच सोनी आरएक्स १०० च्या सातव्या आवृत्तीत, २०१९ साली, एक इंची सेन्सर खिशात ठेवताना पल्ला २४ ते २०० मिलिमीटरवर थांबवावा लागला; आणि त्याच वर्षीच्या रिको जीआर–३ मध्ये त्याहून तिप्पट मोठा एपीएस–सी सेन्सर अडीचशे ग्रॅमच्या आसपास बसवताना झूम मुळीच ठेवला गेला नाही. खिसा, पल्ला आणि उजेड यांची एकत्र गाठ का पडत नाही, हे या तीन उदाहरणांतून दिसते.

फोन कोठे पुरतो, कोठे अपुरा पडतो

फोन हातात असताना वेगळा कॅमेरा कशाला, ही शंका रास्त आहे. आजच्या चांगल्या फोनांतील मुख्य सेन्सर १/२.३ इंचापेक्षा मोठा असतो, काही मोजक्या फोनांत तो एक इंचीही असतो. शिवाय बटण दाबताच फोन एकामागून एक अनेक चित्रे टिपून ती एकमेकांवर बसवतो, त्यामुळे भुरभुर पावसातल्या अनेक वाट्या एकत्र ओतल्यासारखा लाभ त्याला मिळतो. देवळाचा गाभारा, मांडवातली ओळीने बसलेली मंडळी, ताटातला नैवेद्य, या स्थिर विषयांसाठी छोट्या सेन्सरचा कॅमेरा घेतल्यास फोनपेक्षा उणे चित्र मिळेल, हे मी निःसंकोच सांगतो.

पण शाळेच्या स्नेहसंमेलनात तारपा नृत्याचा फेर धरलेली मुले क्षणभरही स्थिर नसतात. एका चित्रात मुलीचा हात जेथे आहे, पुढच्या चित्रात तो तेथून वीतभर सरकलेला. अशी चित्रे जुळवताना फोन एकतर त्या हाताचा धूर करतो किंवा बाकीची चित्रे टाकून एकट्या चित्रावर भागवतो, आणि मग पुन्हा दाणेदार अंधार. पाय जमिनीवरून सुटलेला, केसांतली फुले उडालेली, असा क्षण गोठवायचा तर सेकंदाच्या दोनशेपन्नासाव्या भागात पुरेसा प्रकाश जमला पाहिजे, आणि त्यासाठी मोठ्या परातीवाचून गत्यंतर नाही. फ्लॅशचा भरवसा धरू नये; अंतर दुप्पट झाले की त्याचा उजेड चौथाईवर येतो, त्यामुळे पहिल्या रांगेतील मुले पांढरीफटक आणि मागची रांग काळोखात, असेच चित्र निघते.

फोन दुसरीकडे अपुरा पडतो तो लांबच्या पल्ल्यात. तानसा अभयारण्यातील सागाच्या निष्पर्ण फांदीवर बसलेला रानपिंगळा घ्या. १८८४ नंतर एकशे तेरा वर्षे कोणाला न आढळल्यामुळे नामशेष मानला गेलेला हा पक्षी १९९७ साली शहादा परिसरात पुन्हा सापडला आणि २०१४ साली तानसातही त्याची नोंद झाली. घुबडाच्या कुळातला असूनही तो दिवसा वावरतो. विषय दूरचा, पण उजेड भरपूर. येथे लहान सेन्सर आणि लांब झूम यांची जोडी आपले काम चोख करते, आणि पक्ष्याजवळ जाऊन त्याला उठवण्याचे पातकही टळते. मात्र ९६० मिलिमीटरला हाताचा बारीकसा कंपही चित्र हलवतो, म्हणून कंपरोधक यंत्रणा चालू असतानाही कोपर अंगाशी धरून झाडाला टेकून उभे राहण्याची सवय लावावी लागते.

तिची नजर कोठे जाते

एवढे समजल्यावर निवड दुकानात करण्याची गोष्ट राहत नाही. पत्नीच्या फोनमध्ये गेल्या वर्षभरात साठलेली छायाचित्रे तिच्या अनुमतीने सावकाश पाहावीत. त्यांत वर्गातली मुले, घरातली माणसे, दिवेलागणीची अंगणे अधिक असतील, तर एक इंची सेन्सर आणि एफ १.८ चे भिंग असलेला, २४ ते १०० मिलिमीटर पल्ल्याचा कॅनन जी ७ एक्स–३ सारखा कॅमेरा योग्य. बांधावरचे बगळे, माळशेजच्या कड्यावरचे धबधबे, दूरचे शिखर असे विषय वारंवार मोठे करून पाहिलेले आढळले, तर लांब झूम. म्हशाच्या जत्रेतली माणसे, घोंगड्यांचा बाजार, बैलाच्या शिंगाला रंग लावणारा हात, असे जवळ जाऊन, बोलता बोलता टिपलेले चेहरे असतील, तर झूम नसलेला पण मोठ्या सेन्सरचा कॅमेरा तिला फार आनंद देईल. आणि आवणीच्या दिवसांत चिखलात उतरून फोटो घेणारी ती असेल, तर ऑलिंपस टफ टीजी–६ सारखा, पंधरा मीटर खोल पाण्यातही चालणारा कॅमेरा; त्याचा सेन्सर लहान, पण भिंग एफ २ चे, आणि पावसात तो बाहेर काढता येतो हा गुण बाकी उणिवा भरून काढतो.

भेट गुप्त ठेवून चकित करण्याचा मोह या एका वस्तूपुरता आवरावा. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, तेव्हा त्या यंत्राच्या कामात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई बरोबरीने उतरल्या होत्या. फिल्मला भोके पाडणे, रसायने कालवणे, अंधारात फिल्म धुणे, ही कष्टाची कामे त्यांनी शिकून केली, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट १९१३ साली पडद्यावर आला. यंत्र घरात कोणी आणले यापेक्षा ते कोणाच्या हाताला वळले, ही बाब मला अधिक मोलाची वाटते. म्हणून तिला दुकानात बरोबर न्यावे आणि कॅमेरा तिच्या हातात द्यावा. बांगड्या घातलेल्या मनगटाने तो सहज पेलतो का, अंगठ्याखाली व्हिडिओचे बटण नकळत दाबले जाते का, दुकानाबाहेर उन्हात पडदा दिसतो का, हे तिनेच पाहावे. चाळिशीचा चष्मा लागला असेल, तर हातभर अंतरावरचा पडदा चष्म्याविना पुसट दिसतो. अशा वेळी डोळ्याला लावण्याचा व्ह्यूफाइंडर असलेला कॅमेरा फार सोयीचा, कारण त्यात नंबर जुळवण्याची तजवीज असते. आरएक्स १०० च्या सातव्या आवृत्तीत तो वरून उघडतो.

पावसाळा, पावती आणि पहिली तपासणी

शहापूर-मुरबाडच्या हवेत कॅमेऱ्याचा खरा शत्रू बुरशी. पुढे येणाऱ्या भिंगाचा कॅमेरा प्रत्येक उघडझापीला बाहेरची दमट हवा आत ओढतो, आणि तो आषाढ-श्रावणभर कातडी पाकिटात कपाटात ठेवला, तर भिंगाच्या आत पांढरे धागे धरतात. भिंग दिव्यासमोर तिरपे धरले असता कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक, कडेकडून मध्याकडे पसरत जाणारी नक्षी दिसते. ती बाहेरून पुसता येत नाही, आणि भिंग उघडून साफ करण्याचा खर्च कधी कधी कॅमेऱ्याच्या किमतीशी स्पर्धा करतो. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या एवढ्यावर ही आपत्ती टळते. रंग बदलला की पुडी ओलावली असे समजून नवी ठेवावी. हा डबा, एक जादा बॅटरी आणि चांगल्या प्रतीचे मेमरी कार्ड भेटीतच समाविष्ट असावे.

बिल पक्के घ्यावे आणि हमीपत्र भारतातील अधिकृत वितरकाचेच असल्याची खात्री करावी. परदेशातून परस्पर आलेला माल स्वस्त मिळतो, पण त्याची दुरुस्ती येथील केंद्रे हमीत धरतीलच असे नाही. बिलावर नाव पत्नीचे घालावे. घरी आल्यावर बॅटरी पूर्ण भरून तारीख आणि वेळ अचूक लावावी, कारण पुढे हजारो छायाचित्रे शोधताना हाच दाखला उपयोगी पडतो. त्यानंतर झूमच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या भिंतीचे दोन-चार फोटो घेऊन ते मोठे करून पाहावेत. प्रत्येक फोटोत त्याच जागी तोच करडा ठिपका दिसला, तर सेन्सरवर धूळ आहे असे समजून, बदलून घेण्याची मुदत संपण्यापूर्वी कॅमेरा पावतीसह दुकानात न्यावा.